प्रकल्प नोंदी: मागाच्या भिंतीला लागून ऑनलाइन योग, चित्रकला आणि शांत बसणं

६ एप्रिल २०२५, रविवार

हे लिहून ठेवते म्हणजे पुढे कुणाला असलं काही करायचं असेल तर माझ्यासारखं पैसे घालवून शिकायला नको. मी बेळगावात वडगावला राहते. बारा वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, मधे योगाचा एक वर्षाचा डिप्लोमा केला, आता घरीच असते. परवा दिंडी बघायला गेलो होतो तिथं ओळखीच्या तिघी जणी मागे लागल्या, सुट्टी लागली की पोरं मोबाईलला चिकटून बसतात, काहीतरी घ्या की टीचर. आणि मग ठरलं काय, तर तेच मोबाईलवर घ्यायचं. कारण एकीचा मुलगा सुट्टीत खानापूरकडे आजीकडे जाणार, एक मुलगी निपाणीची, माझ्या नणंदेची मुलगी पुण्याची, बाकीची वडगाव-शहापूर-अनगोळ.

एक सांगून ठेवते, आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं, आणि बायकासुद्धा बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. लिहिताना जमेल तेवढं सांभाळते, तरी मधे मधे येणारच.

आतापर्यंत नावं १४, वय ६ ते १२. फी सहा आठवड्यांचे ४०० रुपये, तिघांना फी नाही. सोम-बुध-शुक्र योग आणि शांत बसणं, शनिवारी चित्र. खरेदी: ट्रायपॉड ५५०, कॉलर माईक ३९९, रिंग लाईट ७००. लॅपटॉप घरचा जुना. झूम फुकटातलं, म्हणजे ४० मिनिटांनी आपोआप बंद. मला वाटलं ही अडचण आहे. आता वाटतंय ४० मिनिटंच जास्त होतात.

१० एप्रिल, गुरुवार

नुसती टेस्ट घेतली आणि पहिला दणका. मी सकाळी ११ ची वेळ ठेवली होती, १४ पैकी ५ आले. बाकीच्यांचा फोन बाबांबरोबर कामाला गेलेला! हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्या घरी फोन तीन. निपाणीच्या मुलीची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाते, फोन तिच्याकडे, ती परत येते सातला.

संध्याकाळी सगळ्यांना फोन करून विचारलं, फोन घरात कधी असतो. उत्तर दोनच, सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री साडेसातनंतर. रात्री जेवणं झालेली असतात आणि भरल्या पोटी आसनं करायची नाहीत, निदान तीन तास जायला पाहिजेत. म्हणून योग सकाळी ६.३० ला, चित्र शनिवारी रात्री ७.४५ ला. सुट्टीत साडेसहाला उठवायचं म्हटल्यावर दोन आयांनी कपाळाला हात लावला.

वेळ तुम्ही ठरवू नका, आधी फोन कधी घरी असतो ते विचारा. माझे चार दिवस यातच गेले.

१४ एप्रिल, सोमवार

पहिला वर्ग, ११ जण. वृक्षासन घेतलं आणि डावं-उजवं यात पंधरा मिनिटं गेली. मी म्हणते उजवा पाय उचला, पोरं समोर बघून आरशासारखं करतात म्हणजे डावा उचलतात, त्यात एकाची आई मागून ओरडते 'अरे उजवा', मग तो दोन्ही बदलायला जाऊन धपकन बसला. त्यात गल्लीतली दोघं कन्नड मीडियमची, त्यांना मी 'बलगालु, एडगालु' (उजवा पाय, डावा पाय) सांगते तोपर्यंत बाकीचे पुढे गेलेले.

उपाय साधा निघाला. सगळ्यांनी उजव्या मनगटाला लाल दोरा किंवा रबरबँड बांधायचा, मी माझ्या डाव्या मनगटाला बांधते. मग 'लाल हात वर' एवढंच म्हणायचं. मी आरसा होते, पोरांना विचार करावा लागत नाही, आणि भाषेचा पण प्रश्न मिटतो.

रिंग लाईट वाया गेली. माझ्या चष्म्यात दोन पांढरी कडी दिसतात आणि पोरं त्याचीच चेष्टा करत बसतात. खिडकीकडे तोंड करून बसले की काम भागतं. ७०० रुपये पाण्यात.

पुण्याची पोरगी पहिल्याच दिवशी, 'मामी, तुम्ही मुलगा आहात का, मी बसलो मी बसलो काय म्हणता?' बाकीच्या दहा जणांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आज भ्रामरी घेतली, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा. मी मस्त लांब सूर लावला, डोळे उघडले तर सगळी माझ्याकडे टकामका बघतायत. एक म्हणतो, 'टीचर तुमचा आवाज गेला.' झूमला वाटतं की एकसारखा येणारा आवाज म्हणजे फॅन नाहीतर मिक्सर, तो त्याला कापून टाकतं. माझा भुंगा त्याने पंखा समजून गिळला.

शोधून सेटिंग सापडलं. ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' म्हणून आहे, ते चालू केलं की आवाज न कापता जसा आहे तसा जातो. खूष होऊन दुपारी पुण्याच्या पोरीला लावून बघितलं. तिचा पहिला प्रश्न, 'मामी, तुमच्याकडे ट्रेन आलीय का?'

तर झालंय असं की माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजारच्या मामांचे दोन यंत्रमाग आहेत. वडगावात हे काही नवीन नाही, आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही एवढी सवय. इतके दिवस झूम तो आवाज कापत होतं म्हणून पोरांना शांत वाटायचं. आता भुंगा ऐकवायचा तर माग पण ऐकवावा लागतो, आणि माग बंद ठेवायचा तर भुंगा पण बंद.

१९ एप्रिल, शनिवार

तीन दिवस जागा शोधली. गच्चीवर वारा माईकमध्ये घुसतो, त्यात सकाळी देवळाचा भोंगा. बाथरूममध्ये आवाज घुमतो (आणि सासूबाई बाहेर बादली घेऊन उभ्या). देवघरात बसले तर नेट येत नाही. नॉइज सप्रेशन 'लो' वर ठेवून बघितलं, भुंगा तुटक-तुटक जातो, उचकी लागल्यासारखा.

शेवटी मामांकडे गेलो. माग बंद ठेवा असं सांगायला तोंड नव्हतं, त्यांचं पोट विणलेल्या कापडाच्या मीटरवर, माग थांबला की पैसे थांबले. मामा म्हणाले, 'अगं मी सात वाजायच्या आधी दहा मिनिटं चहाला जातोयच की रोज. तेवढ्यात काय घुमायचं ते घुम.' आणि घड्याळ बघत बसू नको, जाताना मी भिंतीवर दोनदा थापटतो म्हणाले.

आता वर्गाचा सगळा क्रम त्या थापेवर. ६.३० ला हालचाली, थाप पडली की ओरिजिनल साउंड चालू, भ्रामरी आणि शांत बसणं, माग परत सुरू झाला की बटण बंद आणि शवासन. माझ्या डिप्लोमाच्या वहीत क्रम वेगळा आहे. असू दे.

आणखी एक, पोरांचा भुंगा मला ऐकू येत नाहीच, त्यांचे फोनही कापतात. आणि सगळ्यांचे माईक एकदम उघडून 'ओम' म्हणायला लावू नका, नेटमुळे प्रत्येकाचा आवाज मागेपुढे येतो, बाजार भरल्यासारखं होतं. सगळे म्यूट. मी आता विचारते, ओठावर बोट ठेवा, गुदगुल्या होतात काय? होत असतील तर मान हलवा. तेवढं पुरतं.

२१ एप्रिल, सोमवार

हे नीट वाचा. आज श्वास मोजून घेत होते, 'श्वास घ्या, एक, दोन, तीन, चार, आता थांबा', आणि तिथंच आमची लाईट गेली, वायफाय गेलं. मोबाईलचं नेट लावून परत येईपर्यंत दीड-दोन मिनिटं. आले तर खानापूरच्या आजी स्क्रीनवर, 'टीचर, पोरगं तोंड लाल करून बसलंय, सोडा म्हणून कधी म्हणणार तुम्ही?'

पोरगं सात वर्षांचं. अर्थात त्याने मधे श्वास घेतला होता, आजीच म्हणाल्या की तो चोरून घेत होता, तरी माझे हातपाय गार पडले. लहान मुलांना श्वास रोखायला लावायचाच नाही हे मला शिकवलेलं, तरी मोजण्याच्या नादात 'थांबा' तोंडातून गेलं. आणि ऑनलाइनमध्ये तुमचा कुठलाही शब्द शेवटचा ठरू शकतो.

आजपासून नियम: 'रोखा', 'थांबा', 'धरा' हे शब्द बंद. श्वासाचा ताबा माझ्या मोजण्यावर नाही, पोरांच्या बोटांवर. डाव्या हाताचा पंजा पसरायचा, उजव्या हाताच्या बोटाने कडेकडेने फिरायचं, बोट चढताना श्वास आत, उतरताना बाहेर, पाच बोटं झाली की झालं. नेट गेलं तरी पोरगं आपलं आपण पूर्ण करतं. हेच पहिल्या दिवसापासून करायला पाहिजे होतं.

त्राटक (ज्योतीकडे एकटक बघत बसणं) पण काढून टाकलं. मेणबत्ती, पडदा, मी दहा किलोमीटर लांब, हे नको.

२६ एप्रिल, शनिवार

चित्राचा दुसरा वर्ग. मागच्या शनिवारचं लिहिलं नाही कारण लाज वाटली. मी कागद हातात धरून कॅमेऱ्याला दाखवत चित्र काढत होते, कुणाला काही दिसलं नाही. वरून कॅमेरा पाहिजे. ट्रायपॉड टेबलाच्या कडेला वाकवून लावला तर फोन थेट रंगाच्या पाण्यात.

यावेळी जमलं. घरातलं प्लास्टिकचं स्टूल, ज्याच्या बसायच्या जागी मधे भोक असतं ते. फोन स्टुलावर पालथा ठेवायचा, कॅमेरा भोकावर, कागद स्टुलाखाली. खाली अंधार होतो म्हणून चार्जिंगचा दिवा कडेला ठेवला. चित्र पोरांना उलटं दिसतं, तर फोन फिरवून ठेवा, तुम्ही फिरू नका. मी आधी फिरले आणि भिंतीत डोकं आपटलं. खर्च शून्य, स्टूल सासूबाईंचं.

रंगाचं किट आधी सगळ्यांना पाठवलं होतं, कागद आणि तेलखडू, एकाला ८५ रुपये म्हणजे १४ जणांचे ११९०, पाठवायचा खर्च २६०. खानापूरचं पाकीट ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे दिलं, ते दोन दिवस खानापूर-बेळगाव फिरून परत माझ्याच दारात. तेलखडू उन्हात मऊ पडले. पुढच्या वेळी काही पाठवणार नाही.

आज घरातलंच वापरलं. लाल जास्वंदीची पाकळी कागदावर घासली की रंग जांभळा उमटतो, त्यावर लिंबू लावलं की गुलाबी, खायच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. हळदीवर चुना लावला की लाल. पोरं वेडी झाली. माझ्या सहा तेलखडूंच्या धड्यात सगळ्यात जास्त वेळ टिकलेली मुलगी अकरा मिनिटं बसली होती, आज चाळीस मिनिटांनी झूम बंद पडलं तर सगळे परत लिंक मागत होते. मन एकाग्र करायचं म्हणून मी सकाळी जे करते त्यापेक्षा लिंबाचा थेंब पडल्यावर रंग बदलायची वाट बघताना पोरं जास्त गप्प होती, हे मला थोडं लागलं. चुन्याचं काम मात्र मोठ्या माणसाने करायचं, डोळ्यात गेला तर वाईट, हे मी सुरुवातीला सांगायला विसरले आणि मधे आठवलं.

३० एप्रिल, बुधवार

उपस्थिती ३. काल शिवजयंती, आपल्याकडे तिथीने होते. चित्ररथाची मिरवणूक होईपर्यंत पोरं सापडणार नाहीत. दोन वर्ग सोडून दिले.

५ मे, सोमवार

दोन बॅच केल्या. ६ ते ८ वाले २० मिनिटं, ९ ते १२ वाले ३५. एकत्र घेणं ही चूकच होती, लहानांना सिंहासन पाहिजे (जीभ बाहेर काढून 'हाऽऽ' करायचं, यात त्यांचा जीव), मोठ्यांना त्याची लाज वाटते.

पट्टा, ब्लॉक असलं सामान कुणाकडे नाही. पुण्याच्या पोरीचे आजोबा योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीने बरीच वर्षं योग करतात, ते मागे बसून बघत होते. गुरुजी मूळचे आपल्याच कर्नाटकातले, कोलारकडच्या बेळ्ळूरचे, १९३७ साली पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. ते आजोबा म्हणाले, पट्ट्याला आईची ओढणी, ब्लॉकला जुनी पुस्तकं दोरीने बांधून. छान झालं. एकाने मात्र सातवीचं गणिताचं पुस्तक पायाखाली घेतलं म्हणून घरात रट्टा खाल्ला. आता मी विटेवर फडकं गुंडाळायला सांगते.

सतरंजी फरशीवर सरकते. नुसती फरशी चालते, चटई चालते, सतरंजी नाही. मोजे काढून.

आज खाण्याचा प्रयोग केला. एक मनुका घेऊन हळू बघत, वास घेत, चावत खायचा हा प्रकार जॉन कबाट-झिन यांच्या माइंडफुलनेसच्या (म्हणजे आत्ता जे चाललंय तिकडेच लक्ष देण्याच्या) कोर्समुळे जगभर झालाय, १९७९ साली अमेरिकेत सुरू झालेला तो कोर्स. मनुका सगळ्यांच्या घरात नाही. म्हणून ज्याच्याकडे जे आहे ते, कुणी शेंगदाणा, कुणी गुळाचा खडा. खानापूरचा पोरगा करवंदं घेऊन बसला होता. बाकीचे एका दाण्यावर कसेबसे अर्धा मिनिट टिकले, हा करवंदाचा चीक बोटाला चिकटतो, मग ओठाला चिकटतो, मग आत किती बिया आहेत, सगळं सांगत चार मिनिटं एकच करवंद खात होता. गुळवाल्याने दोन सेकंदात गिळून दुसरा मागितला.

१६ मे, शुक्रवार

हे लिहावं की नाही दोन दिवस विचार केला.

मोठ्या बॅचला मी 'आतलं हवामान' म्हणून एक खेळ घेत होते. डोळे मिटून बघायचं आज आत कसं वाटतंय, ऊन, ढगाळ, पाऊस, आणि एकेकाने सांगायचं. पहिल्या दोन वेळा छान झालं, पोरं 'धुकं', 'वळीव' असलं काहीबाही सांगायची. परवा एका मुलीने सांगितलं, आमच्यात रात्री वादळ झालं, पप्पांनी ताट भिंतीवर मारलं. आणि पुढचं सांगायच्या आत एक हात आला आणि स्क्रीन बंद झाली.

मी वर्गात असते तर ती माझ्या जवळ येऊन हळूच बोलली असती. इथं तिचं बोलणं आठ घरांत स्पीकरवर गेलं, आणि तिच्या स्वतःच्या घरात पण. ती दोन खोल्यांच्या घरात, सगळ्यांच्या समोर बसून बोलत होती आणि मी तिला 'मनातलं सांगा' म्हणत होते. मला शाळेची सवय, शाळेत घर लांब असतं. ऑनलाइनमध्ये वर्ग घरातच भरतो हे मला कळायला महिना लागला.

दुपारी तिच्या आईला फोन केला. आई म्हणाली, 'टीचर, तुम्ही आमचं घर चव्हाट्यावर आणलं.' मी सॉरी म्हटलं, दुसरं काय बोलणार. मग तीच बराच वेळ बोलली. मारहाण मुलांपर्यंत येत नाही असं म्हणाली, मी १०९८ नंबर दिला, मुलांसाठीची मदत आहे, चोवीस तास, फुकट. घेतला की नुसतं हो म्हटलं माहीत नाही.

बदललं ते असं. आतलं कुणी कुणाला सांगायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर एक रंग लावायचा आणि वही मिटायची, कॅमेऱ्याला दाखवायची नाही, मलाही नाही. ज्याला बोलायचं असेल त्याने आईच्या फोनवरून मला नुसता लाल ठिपका पाठवायचा, मी फोन करते. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती पण काढली, बारा वर्षांच्या दोघींना आसनं करताना कॅमेरा नको होता आणि त्या सांगत नव्हत्या, नुसत्या यायच्या बंद झाल्या होत्या.

त्याच आठवड्यात एका पालकांनी वर्गाचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लिंक पण. कोण कुठला माणूस आत येऊन बसला, नाव 'रेडमी'. वेटिंग रूम चालू करा, पहिल्या दिवसापासून, आणि मुलाच्या नावाशिवाय कुणाला आत घेऊ नका.

२१ मे, बुधवार

यंदा पाऊस मेमध्येच धो-धो. खानापूर-जांबोटीकडे लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण झोपतो. आज ५ जण आले, त्यातले दोन दगडासारखे थिजलेले.

झूम सोडून दिलं आणि साधा फोन लावला, कॉन्फरन्स कॉल. माझ्या फोनवर पाच जण जोडता येतात. चित्र नाही, नुसता आवाज. स्पीकर लावून फोन उशीजवळ ठेवायचा आणि शवासनात पडून पावसाचे आवाज मोजायचे, पत्र्यावरचा, पन्हाळीचा, झाडावरचा. खानापूरच्या पोराने नऊ सांगितले, त्यात 'म्हशीवर पडणारा' हा एक. ते मी खोटं म्हणू शकत नाही.

आवाज बंद करून एक झोपला तो झोपलाच. मी कॉल ठेवला, पाऊण तासाने त्याच्या आईचा मेसेज, 'टीचर आज वर्ग लांबला काय? अजून उठवलं नाही मी.'

वडगावच्या पोरांना तिकडचा पाऊस, आणि त्यांना आमचा माग. आज सगळीकडेच लाईट नव्हती म्हणून माग पण बंद, तर एकाने विचारलंच, मामा कुठं गेलेत.

२ जून, सोमवार

शाळा सुरू झाल्या. साडेसहाचा वर्ग म्हणजे डबा, आंघोळ, रिक्षा, सगळं डोक्यावर. १४ चे ९ राहिले. आठवड्यातून दोनदाच, सोमवार आणि शुक्रवार, आणि २० मिनिटं.

फी विचारायला तिघांचे फोन आले, तिघांचा प्रश्न एकच, याने अभ्यासात लक्ष लागेल काय, मार्क वाढतील काय. मी सुरुवातीला 'लागेल की' म्हणत होते. आता नाही म्हणत. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत आठ हजारांवर मुलांवर हे तपासून बघितलं होतं, २०२२ मध्ये निकाल आला, शाळेत माइंडफुलनेस शिकवलेल्या मुलांना नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त काही फायदा दिसला नाही. ती मुलं मोठी, शाळेतली, आमचं वेगळं, हे सगळं खरं आहे. तरी मी मार्काची हमी कशाच्या जोरावर देऊ? एका आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग राहू दे. दुसरी म्हणाली, सकाळी भांडत नाही एवढंच मला पुरे.

८ जून, रविवार

बेंदूर दोन-तीन दिवसांवर, कर्नाटकी बेंदूर. म्हणून मातीचे बैल. शाडू कुणाला पाठवत बसले नाही, मागचा धडा लक्षात होता. ज्याने त्याने आपल्याकडची माती आणायची, मी वडगावच्या पोरांपुरती कुंभाराकडून १५० रुपयांची घेतली. खानापूरची लाल माती, इथली काळी, पुण्याच्या पोरीने कुंडीतली आणली, त्यात गांडूळ निघालं आणि अर्धा वर्ग तिथंच गेला.

चुका: पाय बारीक केले की वाळताना पोट खाली बसतं. काळी माती नुसती घेतली तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, त्यात थोडी वाळू किंवा बारीक भुसा घालून मळायला पाहिजे. चार पाय वेगळे करून चिकटवू नका, एकाच गोळ्यातून ओढून काढा. हे मला माहीत नव्हतं, निपाणीच्या मुलीच्या आजीने कॅमेऱ्यासमोर येऊन करून दाखवलं. मी गप्प बसून बघत होतो.

ती हवामानवाली मुलगी आज आली. कॅमेरा बंद. शेवटी फोटो टाकला, बैलाला शिंगं नव्हती, 'लावली की मोडतात' एवढंच लिहिलं होतं. मी लिहिलं, काड्या खोचून वर माती लाव. दहा मिनिटांनी शिंगवाला फोटो.

२१ जून, शनिवार

योग दिन. २०१५ पासून दरवर्षी असतो आणि दरवर्षी सगळ्यांना फोटो पाहिजेत. शाळेत पोरांना सहालाच बोलावलं होतं. एकाने तिथं कपाटाला टेकून शीर्षासन करून दाखवलं, पडला, नशीब गादीवर. 'टीचरनी शिकवलं' म्हणून सांगितलं! मी शिकवलेलं नाही, व्हिडिओ बघून केलं. घरी फोन करून सांगितलं आणि ग्रुपवर लिहून टाकलं, डोक्यावर उभं राहायचं, मान वाकवायची, पूर्ण मागे झुकायची आसनं मी घेत नाही आणि घरी कुणी करायची नाहीत. हे एप्रिलमध्येच लिहून द्यायला पाहिजे होतं.

२८ जून, शनिवार

हिशोब. उन्हाळी फी ११ × ४०० म्हणजे ४४००, जूनमध्ये ७ × २०० म्हणजे १४००, एकूण ५८००. खर्च: ट्रायपॉड ५५०, माईक ३९९, रिंग लाईट ७००, किट ११९०, पाठवणी २६०, जादा डेटा तीन महिन्यांचे ८९७, माती १५०. एकूण ४१४६. उरले १६५४. रिंग लाईट, किट आणि पाठवणीचे २१५० गेले नसते तर ३८०४ उरले असते. २० मिनिटांच्या वर्गाला तयारी दीड-दोन तास लागते ती वेगळीच, आणि पालकांचे फोन त्याहून वेगळे.

काय ठेवलं: लाल दोरा, पाच बोटांचा श्वास, भ्रामरी, शवासन, मिटलेली वही, भोकाचं स्टूल, घरातले रंग. बाकी सगळं काढलं. लहानांची बॅच १५ मिनिटांवर आणली आहे, तक्रार कुणाचीच नाही.

एक अडचण उभी आहे. शेजारचे मामा उद्या पंढरपूरला निघालेत, ६ जुलैला एकादशी, येईपर्यंत आठ-दहा दिवस तरी. तोपर्यंत माग त्यांचा मुलगा चालवणार, आणि त्याला चहाची सवय नाही. परवा सोमवार. आज संध्याकाळी त्याच्याशी बोलून बघते, नाहीतर त्याच्याकडे चहा घेऊन मीच जाते पावणेसातला, आणि वर्ग दहा मिनिटं पोरांवर सोडते.